नावाची नोंद आणि लिपीचा हक्क : डोमेन नावांचा इतिहास व मराठी

१. विषयप्रवेश

एखादी संस्था, एखादे नियतकालिक किंवा एखादी व्यक्ती आपले पहिले संकेतस्थळ उभारावयास निघते, तेव्हा मजकूर, मांडणी, छायाचित्रे या गोष्टींचा विचार मागाहून होतो. आधी प्रश्न येतो तो नावाचा. हे नाव कोणते असावे, ते शिल्लक आहे काय, त्याची नोंद कोणाकडे करावयाची, ते कोणत्या लिपीत लिहावयाचे, हे प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागे चार दशकांहून अधिक काळाचा इतिहास आहे. नाव देण्याचा अधिकार कोणाचा, आणि दिलेले नाव आपल्या भाषेत जसे उच्चारले जाते तसे लिहिता येते की नाही, हे त्या इतिहासाचे दोन मुख्य धागे होत. प्रस्तुत लेखात या दोन्ही धाग्यांचा मागोवा घेतला आहे. डोमेन नावांची व्यवस्था कशी घडली, भारतात ती कशी रुजली आणि देवनागरी लिपीतील मराठी नावास तीत कोणत्या अटींवर प्रवेश मिळाला, एवढीच या लेखाची मर्यादा आहे.

२. पूर्वपीठिका : तारेचा पत्ता आणि नियतकालिकाचे शीर्षक

नावाची नोंद करून तिच्यासाठी ठरावीक मुदतीने शुल्क भरण्याची रीत महाजालाने प्रथम आणली असे नाही. तारायंत्राच्या काळात व्यापारी पेढ्या, वृत्तपत्रे आणि प्रकाशनसंस्था आपला 'तारेचा पत्ता' नोंदवून ठेवीत. तारेत प्रत्येक शब्दाचे पैसे पडत असल्याने लांबलचक पत्त्याऐवजी एका शब्दात काम भागविणे सोयीचे होते. जुन्या पत्रशीर्षांवर 'तार :' या शब्दापुढे असा एखादा आटोपशीर शब्द छापलेला आढळतो. त्या शब्दामागचा खरा पत्ता तारघराच्या दप्तरात असे. लक्षात राहील असा शब्द आणि त्यामागे दडलेला खरा ठावठिकाणा यांची जोडी लावून देणारे दप्तर, हीच डोमेन व्यवस्थेचीही मूळ कल्पना होय. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तोवर डोमेन नावांची व्यवस्था जवळजवळ तीस वर्षांची झाली होती.

दुसरे साम्य नियतकालिकांच्या शीर्षकांचे आहे. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक-नोंदणीविषयक कायद्यानुसार वृत्तपत्राचे शीर्षक तपासून घ्यावे लागे. १९५६ पासून हे काम वृत्तपत्रांच्या निबंधकांकडे आले. २०२३ चा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाल्यावर जुना कायदा इतिहासजमा झाला. शीर्षकाच्या तपासणीचे तत्त्व असे होते की, त्याच भाषेत वा त्याच राज्यात आधीपासून असलेल्या वृत्तपत्राच्या शीर्षकाशी नवे शीर्षक सारखे असू नये. म्हणजेच भाषा आणि प्रदेश वेगळे असल्यास एकच नाव दोघांना लाभू शकत असे. टिळकांच्या परंपरेतील मराठी 'केसरी' आणि त्याच नावाचे मल्याळम नियतकालिक एकमेकांना बाधा न आणता नांदू शकले, ते यामुळेच. डोमेन व्यवस्थेने ही मोकळीक काढून घेतली. तेथे एका वर्गात एक नाव संपूर्ण जगात एकालाच मिळते, आणि जो आधी येईल त्याला मिळते. भाषेची आणि प्रदेशाची कुंपणे उठल्यामुळे नावाची टंचाई निर्माण झाली. पुढील सर्व वादांचे मूळ या टंचाईत आहे.

३. एका यादीपासून नामव्यवस्थेपर्यंत

आजच्या महाजालाचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेट या जाळ्यात संगणकांची संख्या मर्यादित होती, तोपर्यंत नावांचा प्रश्न एका यादीने सुटत असे. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर यांच्या नेतृत्वाखालील माहिती-केंद्र ही यादी राखीत असे. एका बाजूला संगणकाचे नाव, दुसऱ्या बाजूला त्याचा आकडी पत्ता, अशी ती साधी यादी होती. जाळ्यातील इतर संगणक तिची प्रत वेळोवेळी उतरवून घेत. संगणक वाढले तशी यादी फुगत गेली, नावांची पुनरुक्ती होऊ लागली आणि एका कार्यालयाने साऱ्या जगाची नामपट्टी सांभाळणे अशक्य झाले.

नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी या अडचणीवरचा उपाय मांडला. त्यांनी यादीऐवजी उतरंड कल्पिली. सर्वांत वर मूळ, त्याखाली थोडे वर्ग, प्रत्येक वर्गाखाली त्याच्या त्याच्या व्यवस्थापकाने दिलेली नावे, आणि त्या नावांखाली नावाच्या धन्याने स्वतः दिलेली उपनावे. वरच्याने खालच्याला अधिकार सोपवावयाचा आणि पुन्हा त्यात लक्ष घालावयाचे नाही, हे या रचनेचे सार होते. १९८७ मध्ये या आराखड्याला जे सुधारित रूप मिळाले, तेच आजही पायाभूत मानले जाते. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल व जॉइस रेनॉल्ड्स यांनी वर्गांची व्यवस्था लावली. व्यापारी संस्थांसाठी 'कॉम', शिक्षणसंस्थांसाठी 'एज्यु', इतर संस्थांसाठी 'ऑर्ग' असे काही सर्वसाधारण वर्ग आणि प्रत्येक देशासाठी दोन अक्षरांचा एक वर्ग, असे तिचे स्वरूप होते. १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या अमेरिकन संगणक कंपनीने 'कॉम' वर्गातील पहिले नाव नोंदविले.

देशवर्गांच्या बाबतीत पोस्टेल यांनी दाखविलेली सावधगिरी अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, हा निर्णय त्यांनी स्वतःकडे घेतला नाही. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची आधीच तयार असलेली देशसंकेतांची यादी प्रमाण धरली. १९९४ मध्ये त्यांनी हे धोरण लेखी मांडले. राजकीय वाद टाळण्याचा हा मार्ग परिणामकारक ठरला. मात्र ते संकेत रोमन अक्षरांतच असल्यामुळे लिपीचा प्रश्न मात्र त्याच क्षणी, कोणी विचारण्यापूर्वीच, निकालात निघाला. नावात केवळ इंग्रजीची सव्वीस अक्षरे, दहा अंक आणि आडवी रेघ एवढीच चिन्हे चालतील, हा नियम तेव्हाच्या संगणकांच्या मर्यादेतून आला होता. कोणत्याही भाषेला डावलण्याचा हेतू त्यामागे नव्हता. परंतु हेतू नसतानाही परिणाम घडतात. जगातील बहुसंख्य लिप्या या नियमाबाहेर राहिल्या.

४. भारतातील नोंदणी : 'इन' या वर्गाची वाटचाल

भारतात या जाळ्याचा प्रवेश विद्यापीठे आणि संशोधनसंस्थांच्या द्वारे झाला. १९८६ च्या सुमारास केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हा प्रकल्प हाती घेतला. तीत भारतीय तंत्रज्ञान संस्था, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांचा सहभाग होता. ८ मे १९८९ रोजी भारताचा 'इन' हा देशवर्ग मूळ क्षेत्रात नोंदविला गेला. त्याचे व्यवस्थापन दीर्घकाळ मुंबईच्या याच केंद्राकडे होते. हे केंद्र पुढे 'सी-डॅक' या संस्थेत विलीन झाले.

सर्वसामान्य नागरिकाला महाजालाची जोडणी मिळू लागली ती १५ ऑगस्ट १९९५ पासून. विदेश संचार निगमाने त्या दिवशी मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या शहरांतून सेवा सुरू केली. नेमक्या पुढच्याच महिन्यात, सप्टेंबर १९९५ मध्ये, अमेरिकेत तोवर विनामूल्य असलेल्या 'कॉम' नावांवर दोन वर्षांसाठी १०० डॉलर असे शुल्क बसले. भारतीय माणूस महाजालावर आला तो नावांना किंमत आल्यानंतरच, असे म्हणावयास हरकत नाही.

'इन' वर्गातील नोंदणी त्या काळी स्वस्त-महागाच्या प्रश्नापेक्षा कागदपत्रांच्या प्रश्नाने अडली होती. थेट 'इन' खाली नाव मिळत नसे. व्यापारी संस्थेने 'को', शिक्षणसंस्थेने 'एसी', शासनाने 'गव्ह' अशा उपवर्गांखाली नाव घ्यावयाचे आणि त्यासाठी कंपनी वा व्यापारचिन्ह यांच्या नोंदणीचे पुरावे दाखवावयाचे, असा दंडक होता. त्यामुळे २००४ पर्यंत या वर्गात एकूण सुमारे ७,००० नावेच नोंदली गेली. शंभर कोटी लोकसंख्येच्या देशाच्या मानाने हा आकडा किती क्षीण होता, हे सांगावयास नको. भारतीय उद्योग, वृत्तपत्रे आणि हौशी व्यक्तींनी 'कॉम' चा रस्ता धरला तो देशाभिमानाच्या अभावी नव्हे. देशाच्या दाराशी अडसर होता म्हणून त्यांनी तो धरला.

हा अडसर २००५ मध्ये निघाला. 'निक्सी' या २००३ साली स्थापन झालेल्या संस्थेकडे नोंदणीची जबाबदारी आली. जानेवारी २००५ मध्ये व्यापारचिन्हांच्या धारकांना अग्रहक्क देणारा काळ ठेवण्यात आला आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून थेट 'इन' खालील नावे सर्वांना खुली झाली. मार्च २०१० पर्यंत त्यांची संख्या ६ लाखांपलीकडे गेली. नियम बदलताच संख्येत जवळजवळ शंभर पटींचा फरक पडावा, यावरून आधीच्या तुटपुंज्या प्रतिसादाचे कारण नागरिकांच्या अनास्थेत नव्हते, हे सिद्ध होते.

येथे नोंदणीच्या यंत्रणेचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. नोंदवही राखणारी संस्था एक, तिच्या वतीने ग्राहकांकडून अर्ज व शुल्क घेणारे नोंदणीदार अनेक, आणि नाव घेणारा नोंदणीधारक तिसरा, अशी ही त्रिस्तरीय रचना आहे. नाव 'विकत घेतले' असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. वस्तुतः ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने भाडेपट्ट्यावर मिळते. मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर काही काळ वाट पाहून ते पुन्हा बाजारात येते. ज्या संस्थेचे कार्यकारी मंडळ दर तीन वर्षांनी बदलते, तिच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. नाव संस्थेच्या नावे नोंदविले आहे की त्या वेळच्या एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या, यावर त्या संस्थेची महाजालावरील ओळख टिकणे अवलंबून असते.

५. नावाचे मोल आणि न्यायालये

नावाला किंमत आली तसे तंटेही आले. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याहू कंपनीच्या नावापुढे 'इंडिया' हा शब्द जोडून घेतलेल्या नावाच्या वापरास मनाई केली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे 'रेडिफ' या नावात एका स्वराचा बदल करून घेतलेल्या 'रॅडिफ' या नावाचा खटला आला. डोमेन नाव हे नुसत्या पत्त्याहून अधिक काही आहे, ते व्यवसायाच्या नावलौकिकाशी निगडित असते, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. ६ मे २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवे प्रकरणात या भूमिकेवर शिक्कामोर्तब केले. डोमेन नावांसाठी स्वतंत्र कायदा नसला, तरी एकाने दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवू नये, हे व्यापारचिन्हांच्या कायद्यातील तत्त्व येथेही लागू होते, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या खटल्यांतील एक गोष्ट भाषाभ्यासकांच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. वाद एका अक्षराचा होता. रोमन लिपीत एक स्वर बदलला, एक व्यंजन दुप्पट केले की यंत्राच्या लेखी नाव वेगळे होते. वाचणाऱ्याच्या लेखी मात्र ते तेच राहते. यंत्राची ओळख आणि माणसाची ओळख यांतील ही फट देवनागरीत अधिकच रुंद होते, हे पुढे दिसेल.

६. रोमन वेषातील मराठी नावे

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मराठी संकेतस्थळे अवतरली ती परदेशस्थ आणि देशस्थ अशा दोन्ही प्रयत्नांतून. 'मायबोली' १९९६ मध्ये अमेरिकेतून सुरू झाली. तिचे नाव रोमन अक्षरांत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर 'ए' हा वर्ण दोनदा येतो. 'मा' मधील दीर्घ स्वर वाचकापर्यंत पोचावा, यासाठी केलेली ही तडजोड होय. दैनिक 'सकाळ' ने नावाआधी 'ई' लावून 'ईसकाळ' हे रूप स्वीकारले. नव्या माध्यमाचे चिन्ह म्हणून हे अक्षर त्या काळी जगभर प्रचलित होते. १ मे २००३ रोजी आरंभ झालेल्या मराठी विकिपीडियाने वेगळी वाट घेतली. तेथे नाव सामायिक आणि त्याआधी मराठीचा आंतरराष्ट्रीय संकेत असलेली 'एम' व 'आर' ही दोन अक्षरे, अशी रचना आहे.

या नामकरणात मराठीची ध्वनिव्यवस्था पदोपदी अडखळत होती. रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड यांचा भेद उरत नाही. 'बाल' आणि 'बाळ', 'कमल' आणि 'कमळ', 'पात' आणि 'पाट' या जोड्या एकाच लेखनात कोसळतात. 'कला', 'काला' आणि 'काळा' हे तीन शब्द चार रोमन अक्षरांत सामावतात. उलट बाजूने पाहता एकाच मराठी शब्दाची अनेक रोमन रूपे संभवतात. दीर्घ 'ई' साठी एक अक्षर की दोन, 'व' साठी कोणते अक्षर, शेवटचा अकार लिहावयाचा की गाळावयाचा, याचे सर्वमान्य संकेत नाहीत. परिणामी नाव ऐकलेल्या वाचकाला ते टंकित करता येईलच असे नाही, आणि टंकित केलेले नाव त्याला बरोबर वाचता येईलच असेही नाही. पहिले संकेतस्थळ काढणाऱ्यास अर्थवाही, सुंदर नाव सोडून निर्धोक रोमन रूप असलेले नाव पत्करावे लागे. नावाची निवड अशा रीतीने परक्या लिपीच्या चाळणीतून होत होती.

त्यापूर्वीच्या काळात संकेतस्थळावरील मजकूरही खऱ्या अर्थाने देवनागरी नव्हता, हेही येथे नोंदविले पाहिजे. प्रत्येक स्थळाचा स्वतःचा खासगी टंक असे. तो संगणकावर नसल्यास पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटत. युनिकोडचा प्रसार झाल्यावरच देवनागरी अक्षराला सर्व संगणकांवर एकच ओळख मिळाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी भारतीय भाषांसाठी सिद्ध झालेल्या 'इस्की' या १९८८ च्या संकेतप्रणालीवर आधारलेली आहे. मजकूर देवनागरी झाला, पण वरची पाटी रोमनच राहिली, अशी ही दीर्घ मधली अवस्था होती.

७. 'परीक्षा' ते 'भारत' : देवनागरीचा प्रवेश

इतर लिप्यांतील नावांची कल्पना १९९६ मध्ये मार्टिन ड्युर्स्ट यांनी मांडली होती. अडचण अशी की, जगभरची यंत्रे सव्वीस अक्षरांच्या नियमावर चालत होती आणि ती एका रात्रीत बदलणे शक्य नव्हते. मार्च २००३ मध्ये निश्चित झालेल्या 'प्युनिकोड' या पद्धतीने यातून तोड काढली. वाचकाने आपल्या लिपीत नाव लिहावे, संगणकाने त्याचे रोमन अक्षरांत व अंकांत सांकेतिक रूपांतर करावे आणि जुन्या यंत्रणेला ते रूपांतरच द्यावे, अशी ही योजना आहे. 'भारत' हा शब्द यंत्रापर्यंत पोचतो तो एक्स, एन, दोन आडव्या रेघा, एच, २, बी, आर, जे, ९, सी अशा रूपात. नावाच्या एका खंडाची ६३ चिन्हांची मर्यादा या सांकेतिक रूपालाच लागू होते. साहजिकच देवनागरी नावाला रोमन नावाइतकी ऐसपैस जागा मिळत नाही. म्हणजे देवनागरी नाव स्वीकारले गेले, पण पडद्यामागे ते रोमन वेषच धारण करते.

मूळ क्षेत्रात देवनागरी अक्षरे पहिल्यांदा आली ती ऑक्टोबर २००७ मध्ये. अकरा भाषांत घेतलेल्या चाचणीसाठी हिंदीतून 'उदाहरण.परीक्षा' हे नाव योजले होते. २०१३ मध्ये ही चाचणी-नावे काढून घेण्यात आली. दरम्यान नोव्हेंबर २००९ पासून देशांना आपापल्या लिपीतील देशवर्गासाठी अर्ज करण्याची मुभा मिळाली. मे २०१० मध्ये इजिप्त, सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिरात यांची अरबी नावे प्रथम दाखल झाली. भारताने एका लिपीसाठी नव्हे तर सात लिप्यांसाठी मागणी केली. देवनागरी, बंगाली, गुजराती, गुरुमुखी, तमिळ, तेलुगू आणि उर्दूची लिपी या त्या सात होत. २०११ मध्ये ही सातही नावे मूळ क्षेत्रात आली. पुढे ही संख्या १५ झाली. बंगाली आणि असमिया यांची लिपी जवळजवळ एक असूनही 'र' चा आकार भिन्न असल्यामुळे दोघींना वेगळी नावे द्यावी लागली, हे उदाहरण बोलके आहे.

२७ ऑगस्ट २०१४ रोजी '.भारत' या वर्गातील नोंदणीस आरंभ झाला. देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषा एका छत्राखाली आल्या. हिंदी, मराठी, कोंकणी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी या त्या भाषा होत. 'भारत' हा शब्द मराठी व हिंदीत अक्षरशः एक असल्याने येथे वाद उद्भवला नाही. तोच योग इतरत्र जुळला नाही. २०१२ च्या अर्ज-फेरीतून 'ऑर्ग' या वर्गाचा देवनागरी जोडीदार म्हणून '.संगठन' हे नाव आले. मराठी माणूस 'संघटना' म्हणतो. समान लिपी म्हणजे समान भाषा नव्हे, ही गोष्ट नावांच्या बाजारात सहज विसरली जाते.

८. वर्णांचा प्रश्न

देवनागरी नावास परवानगी देताना कोणते वर्ण, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या जोड्यांत चालतील याची नियमावली करावी लागते. दिसावयास सारखी पण यंत्राच्या लेखी भिन्न अशी नावे दोन वेगळ्या व्यक्तींना मिळाली, तर फसवणुकीला वाव राहतो, हे त्यामागचे कारण होय. भारतीय भाषांच्या संदर्भात हे काम पुण्याच्या 'सी-डॅक' मधील तज्ज्ञांनी हाताळले. मूळ क्षेत्रापुरती देवनागरीची नियमावली जुलै २०१९ मध्ये सर्वमान्य नियमसंचात समाविष्ट झाली. या नियमावल्या म्हणजे नव्या माध्यमातील शुद्धलेखनाचे नियमच होत. मराठीच्या दृष्टीने त्यांतील काही मुद्दे पाहण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा 'ऱ' चा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या जोडीतील अर्थभेद तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. हा भेद हिंदीत नाही. संगणकावर 'ऱ्' दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत त्याचा स्वतंत्र वर्ण वापरला जातो. दुसऱ्या रीतीत साध्या 'र' ला हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. २००३ च्या नियमांत हे अदृश्य चिन्ह सरसकट गाळले जाई. त्यामुळे दुसऱ्या रीतीने लिहिलेली 'दऱ्या' यंत्राकडे पोचेपर्यंत 'दर्या' होत असे. दोन शब्द एक होत आणि त्यांतला मराठी शब्द बुडे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांत हलन्तानंतर या चिन्हास सशर्त स्थान मिळाले. मूळ क्षेत्रात मात्र ते अजूनही वर्ज्य आहे, आणि तेथे 'ऱ' या स्वतंत्र वर्णाने तयार होणारी जोडाक्षरेच कामी येतात. 'कऱ्हाड', 'कुऱ्हाड', 'तऱ्हा' असे शब्द ज्या भाषेत नित्याचे आहेत, तिच्या दृष्टीने ही बारीकसारीक बाब नाही.

दुसरा मुद्दा 'ॲ' चा. इंग्रजी शब्दांतील हा स्वर मराठीत 'अ' वर चंद्र देऊन लिहितात, तर हिंदीत 'ए' वर. युनिकोडमध्ये मराठी वळणाच्या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने आपल्या वर्णमालेत 'ॲ' व 'ऑ' यांना अधिकृत स्थान दिले. त्यापूर्वी लोक 'अ' आणि चंद्र ही दोन चिन्हे जोडून तेच अक्षर उमटवीत. आजही अनेक कळफलक तसेच करतात. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळी. अशा जोड्यांचा बंदोबस्त नियमावलीत न केल्यास एकाच नावाचे दोन धनी संभवतात.

तिसरा मुद्दा लेखननियमांचा. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम अन्त्य इकार-उकार दीर्घ मानतात. मात्र 'कवि' सारखा तत्सम शब्द समासाच्या पूर्वपदी आल्यास तो ऱ्हस्व राहतो. त्यामुळे 'कवी' हे शुद्ध आणि 'कविसंमेलन' हेही शुद्ध. 'संमेलन' आणि 'सम्मेलन', 'संबंध' आणि 'सम्बन्ध' या पर्यायांची गोष्टही तशीच आहे. छापील मजकुरात ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली, तर वाचक मनाशी दुरुस्त करून पुढे जातो. डोमेन नावात चूक झाली, तर तो त्या स्थळी पोचतच नाही. शुद्धलेखनाचा दंड इतका कडक यापूर्वी कधी नव्हता. त्यामुळे नाव निवडणाऱ्याने शुद्ध रूपाबरोबर प्रचलित पर्यायी रूपही नोंदवून ठेवणे, अथवा असा संभ्रम न उपजविणारा शब्द निवडणे, हाच व्यवहार्य मार्ग राहतो.

याच संदर्भात मोडीचाही उल्लेख केला पाहिजे. तंजावरपासून पुण्यापर्यंतच्या दप्तरांत शतकानुशतके मराठी ज्या लिपीत नांदली, ती मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली. मूळ क्षेत्रासाठी ज्या लिप्यांचा विचार झाला त्यांत मात्र ती नाही, कारण ती आज दैनंदिन व्यवहारात नाही. हा निर्णय व्यवहारदृष्ट्या समजण्याजोगा आहे. लिपीला महाजालावर स्थान मिळते ते तिच्या इतिहासाच्या बळावर नव्हे, चालू वापराच्या बळावर, हा धडा देवनागरी वापरणाऱ्यांनीही घेण्यासारखा आहे.

९. परवानगी आणि प्रचार

नोंदणी खुली होऊन दशकाहून अधिक काळ लोटला, तरी मराठी संस्था, वृत्तपत्रे आणि व्यक्ती यांची मुख्य पाटी आजही रोमन अक्षरांतच आढळते. याची कारणे एकेरी नाहीत. देवनागरी नाव नोंदविता येते, पण ते सर्वत्र स्वीकारले जातेच असे नाही. अनेक अर्जनमुन्यांत ते टाकल्यास 'अवैध' असा शेरा येतो. देवनागरी ई-पत्त्यासाठी लागणारी मानके २०१२ मध्ये तयार झाली, तरी सर्व सेवा ती पाळत नाहीत. कित्येकदा पत्ता दुसरीकडे चिकटविताच त्याचे सांकेतिक रूप उघडे पडते आणि वाचक बिचकतो. आधी वापर नाही म्हणून सोय नाही, आणि सोय नाही म्हणून वापर नाही, असे हे चक्र आहे.

बृहन्महाराष्ट्रातील संस्थांपुढे आणखी एक पेच आहे. हैदराबाद, वडोदरा, तंजावर किंवा बेळगाव येथील मराठी संस्था भिन्न लिपीच्या परिसरात काम करते. रोमन नाव तिच्या शेजाऱ्यांनाही वाचता येते, तर देवनागरी नाव तिच्या सभासदांना आपले वाटते. इंदूर वा ग्वाल्हेर येथे देवनागरी सर्वांचीच, पण तेथे मराठी शब्द हिंदी वळणाने वाचला आणि टंकिला जाण्याचा धोका राहतो. दोन्ही नावे नोंदवून ती एकाच स्थळाकडे वळविणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. खर्च वाढतो तो दुसऱ्या नावाच्या वार्षिक शुल्काचा. छोट्या संस्थेलाही तो परवडण्याजोगा असतो.

१०. समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, डोमेन व्यवस्थेतील रोमन लिपीचे वर्चस्व भाषिक द्वेषातून न येता आरंभीच्या तांत्रिक सोयीतून आले. सोय म्हणून केलेला नियम रूढ झाल्यावर तो मोडण्यास मात्र पाव शतकाहून अधिक काळ लागला. दुसरा असा की, भारतात नोंदणीचा विस्तार नियमांच्या शिथिलीकरणाशी थेट निगडित होता. लोक नावे घेण्यास उत्सुक होते, दार उघडण्याचाच अवकाश होता. तिसरा आणि मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, लिपीला प्रवेश मिळाल्याने भाषेचा प्रश्न संपत नाही. 'ऱ' आणि 'ॲ' यांचे स्थान, 'ळ' चा उच्चारभेद, ऱ्हस्व-दीर्घाची व्यवस्था हे विषय आजवर व्याकरणाच्या पुस्तकांतून आणि महामंडळाच्या बैठकांतून चर्चिले जात. त्यांचे निर्णय आता नियमावल्यांच्या तक्त्यांतही होतात, आणि तेथे घेतलेला निर्णय यंत्र अपवाद न करता अमलात आणते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने प्राचीन ग्रंथांच्या जतनाकडे लक्ष वळले, हे योग्यच झाले. परंतु भाषेचे जतन जसे तिच्या जुन्या लेखनात होते, तसे तिच्या नव्या नोंदींतही होते. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी डोमेन नावांच्या वर्णनियमांचा अभ्यास आपल्या लेखनविचाराचा भाग मानावा. अशा नियमावल्या मसुदारूपात अभिप्रायार्थ प्रसिद्ध केल्या जातात, तेव्हा त्यांवर भाषाशास्त्रीय मत नोंदवावे. आणि ज्या मराठी संस्थेस आज पहिले संकेतस्थळ उभारावयाचे आहे, तिने रोमन नावाबरोबर एक देवनागरी नावही संस्थेच्याच नावे नोंदवून ते प्रत्यक्ष वापरात ठेवावे. वापर नसेल तर लिपीचे काय होते, हे मोडीच्या उदाहरणाने दाखवून दिलेलेच आहे.